तळ्याकांठची ऊब

थंडीविषयीं पुण्या-मुंबईच्या लेखकांनीं लिहूं नये, असें माझें फार दिवसांचें मत आहे. त्यांची थंडी म्हणजे पेटींतली शाल बाहेर काढण्याचें एक निमित्त. गोंदियाची थंडी निराळी. मार्गशीर्ष सरतां सरतां उत्तरेचा वारा सुटला कीं विदर्भांतील सर्वांत कमी उष्णतामानाच्या रकान्यांत आमच्या गांवाचें नांव वारंवार येऊं लागतें. पारा दहा अंशांच्या खालीं उतरतो, आणि धानाच्या बांध्यांवरून व तळ्यांवरून उठणारें धुकें सकाळीं बऱ्याच उशिरापर्यंत हलत नाहीं. ही थंडी ओली असते. ती पांघरुणांतून आंत शिरते, आणि एकदां शिरली म्हणजे सकाळपर्यंत बिऱ्हाड करून राहते.

तळीं तर आमच्याकडे गांवोगांव. नवेगांवबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधविला असें परंपरा सांगते. लहान तळ्यांची गणना करावयाची तर सगळा पूर्व विदर्भ पायीं फिरावा लागेल. त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. गांवच्या कोणा उदार मामानें तीं खणविलीं असावींत, असा परक्याचा समज होतो; पण 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांचीं तीं आद्याक्षरें आहेत. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, मामा तेवढा राहिला.

अशाच एका तळ्याची मासेमारी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या संस्थेकडे आहे. तो अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतला, जातीनें ढिवर. पदवी घेऊन पुन्हां जाळ्याकडे वळलेल्या थोड्या तरुणांपैकीं एक. रोहू-कटल्याची बोटुकली सोडली कीं चोरीचें भय आलेंच. म्हणून त्याचे आजोबा कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत पाळीवर खोपी करून राखणीला राहतात. वय बहात्तर. खोपी बांबूची, वर आणि भोंवतीं तणसाचा जाड थर, आंत मातीची शेगडी. गेल्या दिवाळींत नातवानें माझ्याकडे येऊन दोन गोष्टी सांगितल्या. एक, तणस दरसाल कुजतें व त्यास वाळवी लागते, म्हणून यंदां निळ्या ताडपत्रीची खोपी करावयाची. आणि दुसरी, शेगडीच्या धुरानें आजोबांचे डोळे गेले आहेत, तर तिच्याऐवजीं गॅसचें तापनयंत्र घ्यावयाचें. "सर, तुमचा पुतण्या अमेरिकेंत बर्फावर मासे धरतो म्हणे. त्यांचें यंत्र कोणतें, तें त्याला विचारून सांगा."

पुतण्या मिनेसोटांत आहे खरा. तेथें हिवाळ्यांत सरोवरें गोठतात, आणि लोक त्या बर्फावर घडीचा तंबू ठोकून, बर्फास भोंक पाडून, गळ टाकून बसतात. पायीं जाणाऱ्यास निदान चार इंच जाडीचा चांगला बर्फ हवा, असा तेथील सरकारी खात्याचा इशारा आहे. आमच्या ढिवर आजोबांना हें सांगितलें तेव्हां त्यांस बर्फावर बसण्याचें नवल वाटलें नाहीं. त्याखालीं मासा जगतो याचें वाटलें. पाणी चार अंशांवर सर्वांत जड असतें, म्हणून तें तळाशीं राहतें आणि हलका बर्फ वर तरंगतो, हा शाळेंतला धडा मीं त्यांना सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे मासा घरात, आन् मानूस बाहेर." यापेक्षां नेमकें वर्णन मला करतां येणार नाहीं.

पुतण्यानें सविस्तर उत्तर पाठविलें. तेथील लहान यंत्रें प्रोपेनवर चालतात. तासाला चार हजारांपासून नऊ हजारांपर्यंत ब्रिटिश उष्णता-एकक देतात. हवेंतला प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांच्या आसपास उतरला कीं गॅस आपोआप बंद करणारी योजना चांगल्या यंत्रांत असते. आपल्या घरगुती टाकींत मात्र प्रोपेन आणि ब्युटेन यांचें मिश्रण असतें. प्रोपेन उणें बेचाळीस अंशांवरही वायुरूप होतो. ब्युटेन शून्याच्या आसपासच द्रवरूपांत बसून राहतो. गोंदियाच्या थंडींत त्यामुळें फारसें अडत नाहीं. अडतें तें एवढ्यावर कीं त्यांच्या यंत्राचें तोंड आपल्या टाकीस बसत नाहीं, आणि जोडकाम करणारा कारागीर बाजारांत शंभर रुपयांत मिळतो. त्या शंभर रुपयांची मला सर्वांत अधिक भीति वाटते.

मग मीं कागद घेऊन हिशेब मांडला. यंत्र अगदीं मंद ठेवलें तरी तासाला सुमारें ८५ ग्रॅम गॅस जळेल. म्हणजे पांच किलोची टाकी दहा तासांच्या सहा रात्री पुरणार नाहीं. राखण पांच महिन्यांची. खर्चाची बाजू येथेंच संपली. पण विषय संपला नाहीं. एक किलो प्रोपेन जळला कीं सुमारें १.६ किलो पाणी वाफेच्या रूपानें बाहेर पडतें; रात्रभरांत सव्वा लिटरहून अधिक झालें. ताडपत्रीस तें शोषतां येत नाहीं. वर जमून तें म्हाताऱ्याच्या वाकळेवर ठिबकणार. आणि प्राणवायूचा हिशेब तर याहून वाईट. सहा फूट लांब, सहा फूट रुंद, पांच फूट उंच अशी खोपी सर्व बाजूंनीं घट्ट बंद केली, तर त्या मंद ज्योतीनेंही पाऊण तासाच्या आंत हवा अठरा टक्क्यांवर येते. यंत्र चांगलें असेल तर तें विझेल आणि म्हातारा थंडींत जागा होईल. जोडकाम केलेलें असेल तर विझणार नाहीं.

शेगडीविषयीं आपल्या घरांत जो विश्वास आहे तो मात्र याहून जुना, म्हणून अधिक धोक्याचा. धुराला आपण भितों; धूर गेला, लाल निखारे राहिले, कीं 'आतां आंत घ्यायला हरकत नाहीं' असें म्हणतों. निखाऱ्यावर जी निळी ज्योत नाचते ती कर्बाच्या अपुऱ्या ज्वलनानें होणाऱ्या विषारी वायूची असते. ज्योत असेपर्यंत त्याचा बराच भाग जळून जातो. वर राख ओढून शेगडी मंद केली कीं ज्योत जाते आणि तो वायु तसाच बाहेर पडतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. हवेहून किंचित् हलका असल्यामुळें तो कोणत्याही कोपऱ्यांत मिसळून जातो. रक्तांतील प्राणवायु वाहणाऱ्या द्रव्याशीं त्याची सोयरीक प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट असते. एमिल झोला १९०२ सालीं पॅरिसमधील आपल्या शयनगृहांत याच वायूनें गेला. धुराडें तुंबलें होतें. खाणींत पिंजऱ्यांतला कॅनरी पक्षी न्यावा हें सुचविणारे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं तर हा वायु स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेवले. (त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ सालीं हिंदुस्थानांत येऊन राहिले आणि १९६४ सालीं भुवनेश्वरास वारले. पण हें विषयांतर झालें.)

हें सगळें मीं पाळीवर बसून आजोबांना समजावून दिलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग खोपीच्या तणसांत बोटें खुपसून म्हणाले, "मास्तर, गवताच्या खोपीले नाकं असतात जी. ताडपत्रीले नाकच नाही." पन्नास वर्षें शेगडी उशाशीं घेऊन ते कसे जगले याचें उत्तर या वाक्यांत होतें, आणि ताडपत्रीचा नवा धोकाही होता. नातू मात्र इंजिनियराप्रमाणें पुराव्यावाचून हटणारा नव्हता. पुतण्यानें यंत्राबरोबर तंबूंत टांगावयाचा एक बॅटरीवरचा सूचक पाठविला होता. तो विषारी वायूचें प्रमाण बराच वेळ वाढलेलें राहिलें कीं कर्कश वाजतो. तो आम्हीं ताडपत्रीखालीं नव्हे, जुन्या तणसाच्या खोपींतच टांगला. आजोबांना त्या रात्रीं आम्हीं खाटेसह बाहेर काढलें, यावरून बरीच बोलणीं खाल्लीं.

पौषांतली रात्र. शेगडींत ऐनाचा कोळसा, वर राख, दाराला गोणपाट. म्हणजे नित्याप्रमाणेंच सर्व. मध्यरात्रीपर्यंत सूचक मुका होता आणि आजोबा विजयी मुद्रेनें विडी ओढीत होते. मग धुकें उतरलें. दवानें तणस भिजलें, फुगलें, काडीला काडी चिकटली. पहांटे चारच्या सुमारास सूचक वाजूं लागला तो गोणपाट दूर करीपर्यंत थांबला नाहीं. खोपीचीं नाकें धुक्याच्या रात्रीं चोंदत होतीं.

नातवानें हळूच विचारलें, "आजा, पौषात तुमचं डोकं दुखते ना?" दुखत असे, सकाळीं दोन तास, दर वर्षीं. 'धुकं लागते' असें त्यास आजोबांच्या घरीं तीन पिढ्या म्हणत आले होते, आणि आजोबांचा एक चुलता अशाच पौषांत खोपींत 'धुकं लागून' गेला होता. त्या चुलत्याचा उल्लेख आजोबांनीं स्वतः केला. नंतर ते उठून पाण्याकडे गेले, आणि ऊन पडेपर्यंत डोंग्यांतून परतले नाहींत.

गॅसचें यंत्र घेतलें नाहीं. आतां शेगडी तिन्हीसांजेला खोपीबाहेर, टिनाच्या पडवीखालीं पेटते. आंतल्या जमिनीवर दोन तास निखारे पसरून ठेवतात. झोपण्यापूर्वीं ते एकूण एक काढून, तापलेल्या मातीवर कोरडें तणस आणि वर वाकळ. ही युक्ति आजोबांचीच. लहानपणीं जंगलांत असें करीत, असें ते म्हणाले. शिवाय मीं गरम पाण्याची एक रबरी पिशवी आणि लोंकरी घोंगडी दिली आहे. ताडपत्री छपरापुरती आली. भिंती तणसाच्याच राहिल्या, त्यांना खालीं एक आणि वर एक असे वीतभर झरोके ठेवले. मातीची ऊब पहांटे तीनपर्यंत टिकते. पुढचे तीन तास कठीण जातात, हें आजोबा मला प्रत्येक भेटींत ऐकवितात आणि तें खरेंही आहे. त्या तीन तासांत ते बाहेर येऊन शेकोटी करतात व तळ्याला एक फेरी घालतात. चोर बहुधा त्याच वेळीं येत असल्यामुळें संस्थेची या व्यवस्थेविरुद्ध तक्रार नाहीं.

सूचक अजून खोपींतल्या मधल्या बांबूला टांगलेला आहे. त्याची बॅटरी संपत आली कीं तो मधून मधून टिकटिकतो. गेल्या आठवड्यांत आजोबांनीं नातवाबरोबर निरोप धाडला: "मास्तरले सांगा, पाखरू भुकेलं आहे."