पंधरा फुटांचे पाणी

सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या मंद्रूपच्या माणसाला १५ फूट रुंदीच्या पाण्याची धास्ती वाटणार नाही. एवढे पात्र म्हणजे त्याच्या लेखी ओढाच. इटलीतील सेनिओ नदी सान पोलितोच्या उत्तरेस एवढीच रुंद होती आणि खोली चार-पाच फूट. ९ एप्रिल १९४५ रोजी एक मराठा पलटण त्या पाण्यात उतरली.

खंदकयुद्ध म्हटले की पहिले महायुद्ध आठवते. समोरासमोर खंदक, काटेरी तारा आणि मधे कोणाच्याच ताब्यात नसलेली जमीन. खंदकात असेपर्यंत सैनिकाला मातीचा आडोसा असे. बाहेर पाऊल टाकताच तो संपे. त्या जमिनीवर जखमी होऊन पडलेल्याला उचलायला जाणाराही त्याच गोळीच्या टप्प्यात येई.

या पलटणीला हे नवे नव्हते. '१०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री' या जुन्या नावाने ती मेसोपोटेमियात लढली होती. कुत-अल-अमाराचा वेढा डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. त्या वेढ्यात अडकलेल्या फौजेत ती होती. १९२२ च्या फेररचनेत तिचे नाव '१/५ मराठा लाइट इन्फन्ट्री' झाले.

सेनिओवर मात्र धोक्याची दिशाच उलटली होती. दोन्ही काठांना ३० ते ३५ फूट उंचीचे पूरबांध होते आणि जर्मनांनी ते आतून पोखरून त्यांत मोर्चे बसवले होते. पूर्वेकडील बांधाच्या नदीकडच्या उतारावर भूसुरुंगांचा पट्टा होता. मराठे पाणी ओलांडून पश्चिम काठावर चढू लागले, तेव्हा गोळ्या आल्या त्या पाठीमागून, नुकत्याच ओलांडलेल्या बांधाच्या पोटातून. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. त्या छोट्या तुकडीतील बाकी सारे ठार झाले. वाचला एकटा शिपाई नामदेव जाधव.

नामदेव जाधव तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे. कंपनीत त्यांचे काम 'रनर'चे, म्हणजे निरोप पोचवण्याचे. त्या क्षणी त्यांना कोणाचाही हुकूम नव्हता. त्यांनी एका जखमीला उचलले, पाण्यातून नेले, उभ्या चढावरून सुरुंगांच्या पट्ट्यातून बांधापलीकडे पोचवले. मग ते परत आले आणि दुसऱ्यालाही तसेच नेले. दोन्ही खेपांना मशीनगन आणि उखळी तोफांचा मारा चालू होता.

तिसऱ्यांदा बांध ओलांडून त्यांनी टॉमी गनने पहिला मोर्चा गप्प केला. हाताला गोळी लागल्याने बंदूक चालेना, तेव्हा ती टाकून हातबॉम्बने आणखी दोन मोर्चे संपवले. अखेर बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून, मराठ्यांची युद्धगर्जना करीत त्यांनी उरलेल्या सैन्याला पुढे बोलावले. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या साऱ्यातला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी जखमींना बाहेर काढले, शत्रूचा समाचार नंतर. पहिल्यांदा ते कंपनीबरोबर हुकमाने पाण्यात उतरले होते. त्यानंतरची प्रत्येक खेप त्यांच्या स्वतःच्या निर्णयाची होती. त्यांच्या प्रशस्तिपत्रात नदीची रुंदी आणि बांधांची उंची नोंदलेली आहे. त्या पाण्यापाशी पडलेल्या सोबत्यांची नावे मात्र त्यात नाहीत.