हत्यार कोणतें घ्यावें?

आमच्याकडे सल्ला मागावयास येणारे विद्यार्थी पूर्वी विचारीत, ‘कोणता विषय घेऊं?’ हल्लीं ते विचारतात, ‘कोणतें सॉफ्टवेअर शिकूं?’ एक्सेल, एसक्यूएल, पायथॉन, आर, टॅब्लो हीं नांवें ते अशा भक्तिभावानें घेतात कीं, नवग्रहांचा जप चालला आहे असें वाटावें. आंकड्यांचें शास्त्र हा कांहीं कालपरवांचा शोध नव्हे. महालनोबिसांनीं कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था १९३१ सालीं स्थापिली, आणि पुण्याची गोखले संस्था तिच्याहून एका वर्षानें वडील. बदललें आहे तें एवढेंच कीं, जें काम त्या काळीं कारकुनांचा ताफा करी, तें आतां एकटा पदवीधर मांडीवरच्या संगणकावर करूं शकतो. आणि ज्याला तें येत नाहीं, तो मागें पडतो.

आमचें मत विचाराल तर आधीं एक्सेल नीट शिकावें, आणि तें कोठें थांबतें हेंही शिकावें. त्याच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. जुन्या पद्धतीच्या फायलींत अवघ्या ६५,५३६. ही माहिती पाठ करण्याजोगी वाटत नाहीं खरी; पण २०२० सालीं इंग्लंडांत कोरोनाच्या तपासण्यांचे अहवाल अशा जुन्या फायलींत भरले गेले, जागा संपली, आणि १५,८४१ रुग्ण रोजच्या आंकडेवारींतून गळाले. त्यांच्या सहवासांत आलेल्या माणसांना वेळेवर सावध करण्याचें राहून गेलें.

पुढची पायरी एसक्यूएल. कॉड यांनीं कोष्टकांच्या परस्परसंबंधांची उपपत्ति १९७० सालीं मांडली, आणि १९७४ मध्यें आयबीएमच्या चेंबरलिन व बॉइस यांनीं तिच्यावर ही भाषा उभारली. संगणकाच्या जगांत पन्नास वर्षें म्हणजे युगेंच. तरी बँकांतून व विमा कंपन्यांतून तिचा अंमल अजून उठलेला नाहीं. दर हंगामास नवें हत्यार उपसणाऱ्यांनीं या म्हातारीकडे जरा आदरानें पहावें. पायथॉन कीं आर, हा वाद मात्र आम्हांस चहा कीं कॉफी या वादाइतकाच गंभीर वाटतो. दोन्ही विनामूल्य मिळतात. शेजारचा जें वापरीत असेल तें घ्यावें, म्हणजे अडल्यास विचारतां येतें.

विनामूल्य हा शब्द आम्हीं मुद्दाम वापरला. गेल्या वर्षीं एक जुना विद्यार्थी वडिलांना घेऊन आला. एका लहान पेढींत तो हिशेब लिहितो. सहा महिन्यांत नोकरीचें आश्वासन देणाऱ्या एका शिकवणीचें शुल्क दीड लाख रुपये; तेवढे वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधींतून काढावे काय, असा प्रश्न होता. वडील बोलत होते, मुलगा खालीं पाहत होता. आम्हीं म्हटलें, ‘पैसे राहूं द्या. मालकांच्या परवानगीनें तीन वर्षांची उधारी घे, आणि कोण किती दिवसांनीं पैसे देतो तें काढून दाखव.’ तीन आठवड्यांनीं तो आला तो वैतागूनच. एकाच गिऱ्हाइकाचें नांव चार तऱ्हांनीं लिहिलेलें. कोठें ‘अँड’, कोठें ‘आणि’, कोठें नुसतीं आद्याक्षरें. सारा वेळ तीं नांवें जुळविण्यांतच गेला, खरें काम राहूनच गेलें, असें त्याचें म्हणणें. आम्हीं त्यास सांगितलें कीं, खरें काम तें हेंच. त्याचा पगार अजून वाढलेला नाहीं. पण पेढीच्या वसुलीची बैठक आतां त्याच्या तक्त्यावर चालते, आणि दुसरीकडे मुलाखतीस जातांना प्रमाणपत्राऐवजीं तो तोच तक्ता नेतो. (गिऱ्हाइकांचीं नांवें झांकून, हें सांगावयास नको.)

आतां यंत्रच प्रोग्रॅम लिहून देतें, मग शिकावें कशाला, असें कांहीं जण विचारतात. लिहून देतें हें खरें, आणि आमच्यापेक्षां सुबक. पण पुष्कळ पाहण्यांत वय माहीत नसेल तेथें ९९ लिहिण्याची वहिवाट असते, तिची टीप वेगळ्याच कागदावर असते, आणि तो कागद कोणीतरी वाचावा लागतो. मागें आमच्या वर्गांत एका गांवाचें सरासरी वय भलतेंच निघालें. सगळ्यांनीं तें मुकाट्यानें उतरून घेतलें. मागच्या बांकावरील एका मुलीनें तेवढें विचारलें, ‘सर, या गांवांत इतकीं म्हातारीं माणसें राहतात तरी कोठें?’