खारानं धरलेलं रीळ

कोकणात गरवणाऱ्यांच्या घरी माळ्यावर एखादं तरी जाम झालेलं रीळ सापडतंच. 1 जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, समुद्र उधाणतो, आणि जेटीवर गरवणारी मंडळीही दांड्या भिंतीला टेकवून ठेवतात. रीळ धुवायचं राहून जातं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, पावसाळाभर आत ओलंच राहतं, आणि नारळी पौर्णिमेनंतर हँडल फिरवायला जावं तर ते हलत नाही. अशी रिळं लोक माझ्याकडे आणून देतात. मला हे काम मनापासून आवडतं.

आणण्याआधी बहुतेकांनी त्यात तेल ओतलेलं असतं. हाताशी असेल ते, अगदी खोबरेलसुद्धा. रीळ वाचावं ही तळमळ समजते, पण क्रम उलटा होतो. रीळ धरलेलं असतं मिठानं, आणि मीठ तेलात विरघळत नाही. तेलाचा थर बसला की आतल्या खारापर्यंत पाणीही पोचत नाही. खोबरेल तर थंडीत थिजतं. म्हणून माझ्याकडे आधी पाणी, मग तेल.

शेजारच्या काकींनी आणलं ते रीळ मात्र साधं नव्हतं. त्यांचे यजमान बोटीवर होते, तेव्हा परदेशातून आणलेलं पेन कंपनीचं सिनेटर. पेन ही फिलाडेल्फियाची कंपनी, 1932 मधली. सिनेटर बाजारात आलं 1936 मध्ये, खोल समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी. "ह्यांचं आहे," काकी म्हणाल्या. "नातू गरवायला जाईन म्हणतो. चालतंय का बघ." हँडल जागचं हलत नव्हतं, ड्रॅगची, म्हणजे तंगूस सुटताना रोखणाऱ्या ब्रेकची, चांदणी फिरत नव्हती, क्रोमच्या कड्यांखालून हिरवट खार फुटला होता. स्पूलवर जुनी तंगूस तशीच गुंडाळलेली.

"काका, पान्हा लावू का?" नातवानं विचारलं. मी त्याला थांबवलं. हँडलवर लावलेला जोर थेट आतल्या चक्राच्या दात्यांवर जातो. दाता तुटला तर इतक्या जुन्या रिळाचा भाग इथे कुठे मिळायचा?

तंगूस कापून काढली आणि रीळ कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी पाणी बदललं, पुन्हा बुडवलं. नंतर पंख्याखाली पूर्ण वाळवलं आणि मगच प्रत्येक स्क्रूच्या मुळाशी पातळ, झिरपणारं तेल सोडलं. इथे थांबावं लागतं. ते तेल आट्यांच्या फटीतून आपल्या गतीनं आत सरकतं. त्याला घाई करता येत नाही.

स्क्रू काढताना पेचकस खाचेत पूर्ण भरेल असा घ्यावा, सैल टोकानं खाच फाटते. आधी किंचित आवळायचा, मग सैल करायचा, पुन्हा आवळायचा. कड्यांचे स्क्रू असे एकेक सुटले. एक हट्टी होता. तेल पुसून त्याच्या डोक्यावर सोल्डरिंगचं तापलेलं टोक थोडा वेळ टेकवलं. काळ्या बाजूला आच लागू नये म्हणून बेतानंच. थंड होताना त्यानं नवं तेल आत ओढून घेतलं आणि तो फिरला.

आत ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. ड्रॅगच्या चकत्या एकमेकींना चिकटलेल्या, कारण ड्रॅग आवळूनच रीळ ठेवलं होतं. ठेवताना ड्रॅग सैल सोडावा, हे मी प्रत्येकाला सांगतो. पातळ पात्यानं चकत्या अलग केल्या. पितळी भाग आमसुलाच्या पाण्यानं घासले, लगेच धुऊन पुसले.

हा आमसुलाचा उपाय ॲल्युमिनियमला लावू नये, आंबट त्याला खातं. हल्लीच्या बऱ्याच स्पिनिंग रिळांचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि स्क्रू स्टीलचे असतात. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी फुगून आट्यांना आवळते. तिथे केस वाळवायचं यंत्र उपयोगी पडतं, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलहून जास्त पसरतं. आणि या रिळांत सर्वांत आधी धरते ती बारीकशी रोलर, जिच्यावरून तंगूस वळते. खारं पाणी थेंबाथेंबानं तिथेच येतं. ती फिरायची थांबली की तंगूस एकाच जागी घासते आणि जिताडा लागल्यावर नेमकी तिथेच तुटते. गरवून आल्यावर रिळातलं बाकी काही पाहायला वेळ नसेल, तरी ही रोलर बोटानं फिरवून पाहावी.

काकींच्या रिळाला नवं ग्रीस भरलं, चांदणी फिरू लागली, स्पूल मोकळं सुटलं. पायपट्टीचा एक स्क्रू मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. पट्टी घट्ट होती, सरळ होती, आणि तो काढल्यावाचून काही अडत नव्हतं. त्याला तेल लावून मी तसाच राहू दिला आणि नातवाला रीळ धुवायचं कसं ते दाखवायला बादली पुढे ओढली.