थंडीतली सायकल

चंदगडचा पावसाळा संपेपर्यंत सायकलीची चेन गंजून करकरायला लागते. दिवाळीनंतर मी ती डिझेलने धुतो, पुसून थोडंच तेल सोडतो. जास्त झालं की धूळ चिकटते. ब्रेकचे झिजलेले रबर बदलतो, दवाने ओल्या रिमवर ते धरतच नाहीत. थंडीत ट्यूबमधली हवा आक्रसते, म्हणून चाक पहाटेच दाबून बघायचं.

कानटोपी, हातमोजे अम्मी काढून ठेवते. गेल्या वर्षी फजरला जाताना धुक्यात उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती. ना दिवा, ना रिफ्लेक्टर. हातभर अंतरावर थांबलो. घरी बोललो नाही.

यंदा पुढे मोठा दिवा बसवला, मागे तांबडा. अम्मीनं विचारलं, "एवढे दिवे कशाला रे?"

"स्वस्तात मिळाले," म्हटलं.