कोंड्याचा मांडा

कोंड्याचा मांडा करणे हा वाक्प्रचार आपण काटकसरी गृहिणीसाठी राखून ठेवला आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात कोंढा नावाचे गाव आहे. तिकडच्या धानाच्या मुलखात हिंडताना मला वाटू लागले, की ह्या वाक्प्रचारावर पहिला हक्क गृहिणीचा नसून गाईचा आहे. दाणा माणसाच्या घरात जातो आणि उरलेली तणस तिच्यापुढे पडते. त्या रुक्ष तणशीतून ती दूध काढते. कोणत्या सुगरणीला हे साधले आहे?

मी साहित्याचा अध्यापक. पोटाचे शास्त्र माझे नव्हे. पण जिज्ञासेने जे वाचले त्यावरून दिसते, की हे कसब एकट्या गाईचे नाही. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतले पहिले कोठीपोट मोठ्या जनावरात 100 लिटरांहूनही अधिक मावेल एवढे असते, आणि त्यात असंख्य सूक्ष्म जीव बिऱ्हाड करून राहतात. गवताचे तंतू फोडण्याचे सामर्थ्य गाईत नाही, ह्या बिऱ्हाडकरूंत आहे. त्यांचे काम संथपणे चालते. गाय रवंथ करते, लाळ गिळते, आणि त्या क्षारयुक्त लाळेने पोटातील आम्ल आटोक्यात राहते.

आता हीच गाय रात्री दावे तोडून धानाच्या राशीवर गेली, किंवा लग्नघरी उरलेला भात कोणी टोपलीभर तिच्यापुढे ठेवला, तर काय होते? पिष्ट झपाट्याने आंबते, दुग्धाम्ल साचते, तंतू फोडणारे जीव मरू लागतात, अंगातले पाणी पोटात ओढले जाते. आणि वेळीच उपचार न झाल्यास एकदोन दिवसांत जनावर दगावते. कोंड्याचा मांडा करणारीला आयता मांडा वाढला, तो तिला विष झाला!

घोड्याचे जठर लहान. बेताचा दाणा त्याला लहान आतड्यात पचतो. फाजील झाला की पुढच्या आतड्यांत उतरून आंबतो, आणि पोटातला अपराध खुरांना भोगावा लागून घोडा लंगडतो. कोंबडीचे सारेच उलट. तिला दात नाहीत, पण दाणा भिजवायला गळ्याशी पिशवी आहे आणि दळायला पेषणी. गिळलेले खडे हेच तिचे जाते. तणशीवर ठेवाल तर ती उपाशी मरेल. कुत्र्याची कथा आणखी निराळी. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले, की पिष्ट पचविणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे बसून त्याचे पोट आपली भाकरी शिकले. गाईलाही दाणा शिकविता येतो. मात्र वैरण चालू ठेवून, दिवसेंदिवस थोडा थोडा वाढवीत. पोट शिकते, पण घाईने शिकत नाही. वर्गातही माझा अनुभव ह्याहून वेगळा नाही.

ह्यातली खरी हळहळ अशी, की टोपलीभर भात ठेवणाऱ्या हातात क्रौर्याचा लवलेश नसतो. पोळ्याच्या दिवशी वर्षभर राबलेल्या बैलाला गोडधोड चारणारा शेतकरी कृतज्ञतेने चारतो. स्वतःच्या ताटातले उत्तम ते दुसऱ्याला द्यावे, हीच आपली औदार्याची कल्पना. पन्नाशी उलटलेल्या पाहुण्याला "आणखी थोडा भात घ्याच" म्हणणाऱ्या यजमानीणबाईंचीही कल्पना तीच असते. माझ्या वैद्यांचे मत त्यांना कोण सांगणार? मी निदान हात आडवा धरू शकतो. बैलाला तेही येत नाही. म्हणून त्याच्या वतीने नकार देण्याचे काम त्याच्यावर माया करणाऱ्यानेच केले पाहिजे. पोळ्याला पुरणाचा घास त्याच्या ओठाला जरूर लावावा. पण तो एकच असावा, आणि मग त्याच्यापुढे हिरव्या गवताची पेंढी सोडावी.