छारानगरची पोरे नाटक करतात

रात्रीच्या गुजरात मेलने मुंबईहून निघालो आणि सकाळी अहमदाबादला उतरलो. आम्ही चौघे, वस्तीतल्या विहाराचे कार्यकर्ते. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला "छारानगर" म्हणालो, तेव्हा त्याने मान वळवून आमच्याकडे नीट पाहिले. कुबेरनगरपर्यंत सोडतो, पुढे तुम्ही चालत जा, म्हणाला. उतरल्यावर सुटे पैसे परत देताना त्याने खिसापाकीट सांभाळा, असा सल्लाही दिला.

वस्तीचे नाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलतो, हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही. नोकरीसाठी गेलेल्या आपल्या पोराला पत्ता विचारतात आणि पत्ता ऐकल्यावर पुढचा प्रश्नच विचारीत नाहीत. छारानगरच्या पोरांच्या वाट्याला तेच आले, फक्त त्यांच्यावरचा शिक्का सरकारी कायद्याने मारलेला होता.

आम्ही एवढ्या लांब गेलो त्याला कारण आहे. आमच्या वस्तीत शाळा सुटलेली पंधरा-वीस पोरे नाक्यावर बसून असतात. त्यांतला एक ढोलकी अशी वाजवतो की म्हाताऱ्यांचेही पाय थिरकतात. दुसरा कुणाचीही हुबेहूब नक्कल करतो. पण ही कला बाहेर येते ती वर्षातून एकदा, जयंतीच्या रात्री. दुसऱ्या दिवशी मांडव सुटतो आणि पोरे पुन्हा नाक्यावर. अशा पोरांसाठी नाटक काही करू शकते का, हे आम्हाला डोळ्यांनी पाहायचे होते.

तारेचे कुंपण

वस्तीत शिरलो आणि पहिला धक्का बसला तो घरांवरच्या पाट्यांनी. इंद्रेकर, तमायचेकर, गागडेकर! क्षणभर वाटले, आपण पुण्यातच आहोत. छारा म्हणजे मूळचे सांसी, आपल्याकडच्या कंजारभाटांचे भाऊबंद. त्यांची घरातली बोली भांतू. दुसरे नवल म्हणजे वकिलांच्या पाट्या. ज्यांच्या आजोबांना कोर्ट फक्त आरोपीच्या पिंजऱ्यातून ठाऊक होते, त्यांची नातवंडे काळा कोट घालून कोर्टात उभी राहतात.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात माणसाने गुन्हा केला की नाही हे पाहायचेच नव्हते; त्या जातीत जन्मला एवढे पुरे होते. नावनोंदणी, चौकीवर हजेरी, गावाबाहेर जायला परवाना आणि पुढे तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट. सोलापूरकरांना हे सांगायला नको. तिथल्या वस्तीला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. छारानगरही असेच वसले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने विमुक्त झाल्या. पण कुंपण निघाले तरी 'सराईत गुन्हेगारां'साठी वेगळे कायदे आले आणि संशय तसाच राहिला. काम कुणी देईना. मग कुणी चोरी केली, कुणी घरात दारूची भट्टी लावली. दारूबंदीच्या गुजरातेत ती दारू प्यायला शहरातले प्रतिष्ठित येत आणि बदनाम मात्र छारा होत. आम्ही गेलो त्या गल्लीतही सडलेल्या गुळाचा वास होता. ते लपवून हा लेख लिहिणे बरे नव्हे.

बाबासाहेबांनी १९४८ साली आपल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्यांच्या जोडीने गुन्हेगार ठरवलेल्या आणि आदिवासी जमातींचा उल्लेख केला आहे. जी संस्कृती एवढ्या लोकांना माणुसकीबाहेर ठेवते, तिला संस्कृती कसे म्हणावे, हा त्यांचा सवाल होता. छारानगरच्या गल्लीत उभे राहिल्यावर तो सवाल पुस्तकातला राहत नाही.

पोरांनी वाचनालय मागितले

१९९८ साली बंगालच्या लेखिका महाश्वेता देवी, मूळचे आपल्या भोरचे असलेले प्राध्यापक गणेश देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी संघटना काढली. त्याच वर्षी महाश्वेता देवी आणि गणेश देवी छारानगरला आले. तुम्हाला काय हवे, असे त्यांनी विचारले, तेव्हा तिथल्या तरुणांनी वाचनालय मागितले. ज्यांना सारे शहर चोर म्हणते त्यांनी पहिली मागणी केली ती पुस्तकांची! वाचकहो, यावर आपण सर्वांनी थोडे थांबून विचार करावा.

त्या वाचनालयात पोरांना बुधन सबरची हकीकत वाचायला मिळाली. बुधन हा पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातला खेडिया सबर जमातीचा तरुण. तीही 'गुन्हेगार' ठरवलेली जमात. फेब्रुवारी १९९८ मध्ये बायको श्यामलीबरोबर बाजारात गेला असता पोलिसांनी त्याला पकडले आणि आठवड्याभरात तो कोठडीत मेला. त्याने आत्महत्या केली, असे सांगण्यात आले. सबरांनी काय केले? पेंढ्याचा पुतळा जाळला आणि प्रेत घरातच पुरून ठेवले, म्हणजे पुन्हा तपासणी करता यावी. प्रकरण कोलकात्याच्या हायकोर्टात गेले. कोर्टाने सीबीआय चौकशीचा आणि श्यामलीला भरपाई देण्याचा हुकूम दिला.

छारानगरच्या पोरांना हे वाचताना आपलेच घर दिसले. दक्षिण बजरंगे या तरुणाच्या पुढाकाराने त्यांनी 'बुधन' हे नाटक बसवले आणि ३१ ऑगस्ट १९९८ रोजी विमुक्तांच्या मेळाव्यात आपल्याच वस्तीत केले. त्यातून 'बुधन थिएटर' उभे राहिले. पुढे त्यांनी बारामतीच्या पिन्या हरी काळे या पारधी माणसाच्या मृत्यूवरही नाटक केले. आपल्या मराठी मुलखातली ही गोष्ट गुजरातच्या पोरांनी रंगमंचावर आणली आणि आपल्यापैकी किती जणांना ते नावही ठाऊक नाही, याची आम्हाला लाज वाटली.

तालीम पाहिली

सायंकाळी एका छोट्या खोलीत तालीम सुरू झाली. पडदा नाही, रंगरंगोटी नाही. चार पोरे हात गुंफून उभी राहिली की कोठडी होते, एक वाकला की टेबल होते. शाळेतून आलेली मुलगी, कामावरून आलेला मुलगा, सगळे एका रांगेत. शिपायाचे काम करणारा पोरगा बघून आम्ही दचकलो. एवढे खरे कसे करतोस, असे विचारले, तर म्हणाला, "लहानपणापासून बघतोय ना, शिकावे लागले नाही." छारा लोक विनोदाने म्हणतात, आम्ही जन्मजात चोर नव्हे, जन्मजात नट आहोत. दुकानदारासमोर खोटे भांडण उभे करून त्याचे लक्ष वेधणे हासुद्धा अभिनयच होता. तीच हुशारी आता उजेडात आणली आहे, एवढाच फरक.

एका पोराची आई दारात उभी होती. आम्ही विचारले, "मावशी, नाटकाने पोट भरते का?" ती म्हणाली, "पोट नाही भरत. पण पूर्वी पोरगा घराबाहेर गेला की मी चौकीकडे बघायची. आता नाटकाला गेलाय म्हणून सांगते." यापेक्षा नेमके उत्तर आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळाले नसते.

या वस्तीतली काही मुले दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयापर्यंत पोहोचली. कुणी चित्रपटात गेले, कुणी पत्रकार झाले. सगळ्यांचेच भले झाले असे मात्र नाही. जुलै २०१८ मध्ये पोलिसांनी रात्री वस्तीत शिरून निरपराधांना मारहाण केली, अशी तक्रार रहिवाशांनी केली. वीस वर्षे नाटक करूनही शिक्का पुरता पुसला गेला नव्हता. पण आपल्यावर झाले ते चारचौघांत उभे राहून सांगायचे, ही सवय या वस्तीला लागली आहे. मान खाली घालणे बंद झाले आहे.

आपल्या विहारात

परतीच्या गाडीत आमच्यातल्या सर्वांत वडील कार्यकर्त्यांनी जलशांची आठवण काढली. १९३०च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी जलसे उभे केले. ढोलकी तीच, पण गणातले देव गेले आणि माणसाची गोष्ट आली. गावोगाव न शिकलेल्या माणसांपर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचला तो अशा जलशांतून. म्हणजे छारानगरने केले ते आपल्या आजोबांनीही केले होते. आपण मध्येच ते भाड्याच्या ऑर्केस्ट्राकडे सोपवून मोकळे झालो.

आल्यावर विहारात बैठक घेतली. यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतून आवाजाच्या भिंतींचा खर्च कमी करून एक कपाट आणि पुस्तके घ्यायची ठरले. थोडी कुरबुर झाली, पण ठरले. दर रविवारी सायंकाळी वंदनेनंतर दोन तास हॉल पोरांचा. पहिल्या रविवारी सातच जण आले, त्यांत तीन मुली. ढोलकीवाला आला, नकलाकार दारातूनच परत गेला. विषय काय घ्यायचा, असे आम्ही विचारले, तर एक मुलगी हळूच म्हणाली, "पत्ता विचारतात, त्याच्यावर करूया."

तालीम सुरू आहे. नकलाकाराची वाट पाहतो आहोत.

जयभीम.