स्वस्त काडतुसांची परीक्षा

आमच्या बीड जिल्ह्यांत बंदुकीचें नांव काढलें कीं अलीकडे ऐकणाराच्या कपाळावर आठी पडते, आणि ती अकारण पडते असें मी म्हणणार नाहीं. २०२५ सालीं येथील प्रशासनानें शस्त्रांचे पुष्कळ परवाने रद्द केले, ही वार्ता तुमच्याहि घरीं वाचली गेली असेल. मजला जिच्याविषयीं सांगावयाचें आहे ती बंदूक मात्र निराळी. राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलांच्या हातीं वर्षाकाठीं एक-दोन वेळां, आणि तीहि शिक्षक व लष्करी हवालदार यांच्या डोळ्यांदेखत येणारी, ती पॉइंट बावीसची लहानशी रायफल. छात्रसेना १९४८ सालीं स्थापन झाली आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत आपला जिल्हा निजामाच्या अंमलांतून सुटला. तेव्हां या दोन्ही गोष्टी एकाच वयाच्या म्हणावयाच्या. असो.

१९९६ सालच्या डिसेंबरांत बालाघाटच्या पायथ्याशीं आमच्या मुलांचा नेमबाजीचा सराव चालला होता. शाळेंत मी विज्ञान शिकवीत असें आणि छात्रसेनेचा शिक्षक-अधिकारीहि मीच होतों. पुढील शिबिरासाठीं चार मुलें निवडावयाचीं होतीं. प्रत्येकानें पालथें पडून पंचवीस मीटरांवरील कागदावर पांच गोळ्या झाडावयाच्या आणि ज्याचीं पांच छिद्रें सर्वांत लहान जागेंत बसतील तो पहिला, असा साधा हिशेब होता. आमच्यांत एक ऊसतोड मजुराचा मुलगा होता. आईबाप दिवाळी उरकून कारखान्याकडे गेले म्हणजे तो आजीपाशीं राही. नेमबाजींत त्याचा हात सर्वांहून स्थिर, हें मागील दोन वर्षें मीं पाहिलें होतें. त्या दिवशीं त्याच्या पहिल्या तीन गोळ्या एकमेकींस चिकटून बसल्या. चौथी झाडतांच त्यानें हात वर केला आणि म्हणाला, “सर, आवाज निराळा आला.” थंडी पडलेली, चाळीस मुलें खोळंबलेलीं, सूर्य कलूं लागलेला. मीं म्हटलें, “आवाजाकडे लक्ष देऊं नकोस, पुढची झाड.” पांचवीहि तशीच गेली. कागद आणून पाहिला तों दोन छिद्रें तिघांपासून दूर खालीं उतरलेलीं. श्वास आवरला नाहींस, असा ठपका मीं सर्वांदेखत त्याच्यावर ठेविला आणि त्याचें नांव यादींतून गाळलें. तो कांहीं बोलला नाहीं. मात्र तो कागद कां कोण जाणे, माझ्या वहींत राहिला.

पुढें १ ऑगस्ट २०२४ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं पॅरिस येथील ऑलिंपिकांत पन्नास मीटर रायफलीच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. चौदा वर्षांपूर्वीं, २०१० सालीं, त्याच जिल्ह्याच्या तेजस्विनी सावंत याच अंतरावर जगज्जेत्या झाल्या होत्या. दोघांच्याहि हातीं पॉइंट बावीसचीच रायफल. त्या सुमारास पुण्यास माझा एक जुना स्नेही भेटला. तो एका नेमबाजी मंडळाचा सभासद आहे. बोलतां बोलतां तो म्हणाला कीं, वरच्या प्रतीचे नेमबाज काडतुसें नुसतीं विकत घेत नाहींत. स्वतःची रायफल घेऊन थेट कारखान्याच्या चांचणी-पट्टीवर जातात, एकाच जातीच्या निरनिराळ्या घाण्यांतील काडतुसें झाडून पाहतात आणि जी घाणी आपल्या नळीस मानवेल तीच उचलतात. हें ऐकून मजला त्या वहींतला कागद आठवला.

या काडतुसाची रचना समजली पाहिजे. मोठ्या काडतुसाच्या बुडाशीं मधोमध पेटवणीची टिकली असते. पॉइंट बावीसला ती नसते. त्याचें पितळी बूड कडेस दुमडून पोकळ केलेलें असतें आणि त्या कडेच्या आंत पेटवणीचें मिश्रण गरगर फिरवून पसरवितात. घोड्याची टोंच कडेवर बसली कीं मिश्रण पेटतें, दारू पेटते आणि २·६ ग्रॅमांची शिशाची गोळी सेकंदास सुमारें ३३० मीटर वेगानें निघते. हें काडतूस अमेरिकेंत १८८७ च्या सुमारास निघालें आणि आजहि तसेंच आहे. स्वस्त, हलकें, धक्का न देणारें. परंतु कडेच्या एखाद्या भागांत मिश्रण पोंचलें नसेल आणि टोंच नेमकी तेथेंच पडली, तर नुसता ‘टक्’ असा आवाज होतो. अशा वेळीं नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबावें, मग देखरेखीच्या अधिकाऱ्याच्या आज्ञेनें काडतूस बाहेर काढावें, हा नियम. तेंच काडतूस थोडें फिरवून बसविलें तर पुष्कळदां उडतें, यावरून दोष कोठें होता तें कळतें.

पुण्यास मंडळाच्या प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीं आम्हीं तीन प्रकारचीं काडतुसें घेतलीं. दोन स्वस्त, एक तिप्पटीहून महाग. कारखान्यांचीं नांवें सांगत नाहीं. एका दुपारच्या प्रयोगावरून कोणास नांवें ठेवणें बरें नव्हे. प्रथम मीच पन्नास मीटरांवर झाडून पाहिलीं, आणि गंमत अशी कीं तिन्ही प्रकारांचे कागद सारखेच वाईट निघाले! साठीच्या माणसाचा हात काडतुसाच्या दोषाहून अधिक हलतो. तेव्हां स्नेह्यानें रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकविली आणि प्रत्येक प्रकारचीं पन्नास त्यानें स्वतः झाडलीं. आतां भेद दिसूं लागला. महागाच्या गोळ्या एकाच भोकांतून गेल्यासारख्या. पहिल्या स्वस्त प्रकारांतील तीन काडतुसें उडालींच नाहींत. फिरवून बसवितांच त्यांतील दोन उडालीं. उरलेल्यांचीं छिद्रें वरखालीं ताणलेलीं. दुसरीं स्वस्त काडतुसें सगळीं उडालीं आणि मध्यम बसलीं. मी निकाल देण्यास सरसावलों, तोंच स्नेह्यानें पहिल्याच प्रकारचें, पण निराळ्या घाणीचें एक खोकें काढलें. तीं पन्नासच्या पन्नास उडालीं आणि दुसऱ्या प्रकाराहून किंचित् बरींच बसलीं! म्हणजे खोक्यावरील नांव तेंच, किंमत तीच, आणि गुण निराळा. स्वस्तांत खोट असतेच असें नाहीं. पुढचें खोकें कसें निघेल याची शाश्वती मात्र नसते, आणि महागाचे पैसे पडतात ते त्या शाश्वतीचे.

वरखालीं ताण कां पडतो, हें नववीच्या मुलासहि गणितानें काढतां येईल. वेगांत सेकंदास दहा मीटरांचा फरक पडला तर पन्नास मीटरांवर गोळी सुमारें सात मिलिमीटर खालीं-वर लागते. त्या अंतरावरील लक्ष्याचें दहा गुणांचें वर्तुळच मुळीं १०·४ मिलिमीटर रुंद. पंचवीस मीटरांवर हाच फरक दोन मिलिमीटरांहून कमी भरतो. म्हणून मुलांच्या सरावांत तो कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

बीडला परतल्यावर मीं तो जुना कागद काढला व पट्टी लाविली. खालचीं दोन छिद्रें वरच्या तिघांच्या अगदीं सरळ रेषेखालीं, सुमारें चौदा मिलिमीटर. ३३० मीटर वेगाची गोळी पंचवीस मीटर जाईतों अठ्ठावीस मिलिमीटर खालीं येते. चौदा मिलिमीटर आणखी उतरावयाची तर वेग २७० पर्यंत घसरला पाहिजे. दारू कमी भरली गेली असेल तरच असें व्हावयाचें, आणि मग आवाजहि बारीकच येणार. श्वास सुटल्यानेंहि छिद्रें खालीं उतरतात, हें खरें. नुसत्या कागदावरून मी आज शपथ घेणार नाहीं. परंतु श्वासानें बंदुकीचा आवाज बदलत नाहीं.

आणखी एक गोष्ट, जी लिहितांना आजहि हात अडखळतो. बारीक आवाज आला म्हणजे गोळीबार तत्काळ थांबवून नळी तपासावयाची असते. दुबळी गोळी नळींतच अडकून बसलेली असूं शकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. तो नियम मजला ठाऊक होता. मुलानें हात वर केला होता. आणि “पुढची झाड” असें मीं सांगितलें होतें.

मागील उन्हाळ्यांत तपास काढीत त्याच्याकडे गेलों. तो आतां बसस्थानकाजवळ पंपदुरुस्तीचें दुकान चालवितो. मुलगी आठवींत आहे. मीं कागद त्याच्यापुढें ठेविला, गणित सांगितलें आणि नियमाचेंहि सांगितलें. मुलगी आमच्याकडे टक लावून पाहत होती. त्यानें तेलकट बोट फडक्यास पुसलें, खालच्या एका छिद्रावर ठेविलें आणि म्हणाला, “सर, ही चौथी.” मग दुसऱ्यावर. “ही झाडतांना मात्र भीति वाटली होती.”

चहा आला. निघतांना त्यानें तो कागद मागून घेतला आणि मुलीच्या हातीं दिला.